मास्तरांची नेमणूक

गेल्या वर्षी आमच्या घरात तीन डोकी होती. एक माझं, एक बायकोचं आणि एक मास्तरांचं. पैकी मास्तरांच्या डोक्याला धड नव्हतं, तरी घरात सगळ्यांत जास्त वजन त्यालाच होतं. मी काही म्हणालो की बायको त्यांच्याकडे बघायची आणि मास्तर त्यांच्या स्वभावाप्रमाणे दात दाखवत गप्प राहायचे. या मौनाचा निकाल दर वेळी माझ्याच विरुद्ध कसा लागायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

मास्तर आले ते मेहुण्याबरोबर. सासरे डॉक्टर होते. ते गेल्यावर त्यांचा दवाखाना बरेच दिवस नुसता कुलपात होता, तो एकदाचा रिकामा करायचं ठरलं आणि ते काम मेहुण्याने अंगावर घेतलं. मेहुणा झटपट माणूस आहे. जगातलं कुठलंही काम त्याच्या मते 'पाच मिनिटांचं' असतं आणि ते पाच मिनिटांत बिघडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याने एक गोल पत्र्याचा डबा आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, हे तुला हवंय का बघ. नाहीतर जाताजाता कुठंतरी खड्डा खणून पुरून टाकतो. पाच मिनिटांचं काम आहे."

बायकोने झाकण उघडलं. मी तिच्या खांद्यावरून डोकावलो आणि दोन पावलं मागे आलो. डब्यात कापसाच्या गादीवर माणसाची एक अख्खी कवटी बसली होती. आणि आमची ही, जी झुरळ दिसलं की खुर्चीवर चढते, ती "मास्तर!" म्हणून अशी काही खुलली की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या वाट्याला तो स्वर कधी आला नाही.

मग खुलासा झाला. डॉक्टरकी शिकत असताना सासऱ्यांनी ही कवटी वरच्या वर्गातल्या एका मुलाकडून घेतली होती, त्याने त्याच्या वरच्याकडून, आणि त्याच्याही मागे किती पिढ्या होत्या ते कोणालाच ठाऊक नव्हतं. वरचं झाकण करवतीने कापून त्याला पितळेचे छोटे आकडे बसवलेले, खालचा जबडा दोन स्प्रिंगांवर, आणि हाडाहाडावर शाईने बारीक क्रमांक घातलेले. "मला जे काही येतं ते यांनी शिकवलं," असं सासरे म्हणत, म्हणून हे मास्तर. पुढे दवाखान्यात त्यांची टेबलावरची जागा कायम झाली. डोकं दुखतंय म्हणून आलेल्या पेशंटला सासरे मास्तरांच्या कपाळावर बोट ठेवून दुखणं नेमकं कुठं आहे ते दाखवत, आणि बऱ्याच जणांचं दुखणं तिथल्या तिथे थांबत असे. बायको लहानपणी मास्तरांच्या दातांवर आकडे मोजायला शिकली. शाळेतून आली की त्यांच्यासमोर पाढे म्हणायची. त्यांच्याइतकं लक्ष देऊन आजवर तिचं कोणी ऐकलेलं नाही, असं ती सांगते. हा टोला कोणाला आहे ते मी ओळखतो, पण बोलत नाही.

"शेवटच्या आजारात बाबांनी मला एकच गोष्ट सांगितली होती," ती म्हणाली. "मास्तरांना नुसतं बसवून ठेवू नका. त्यांना शिकवायची सवय आहे."

तिचे डोळे भरून आले होते. मेहुणा मात्र घड्याळाकडे बघत होता. त्याचं म्हणणं असं, की बाबांचं सगळंच ऐकायचं तर माणसाला दुसरं काही करता येणार नाही, आणि आजच्या दिवसात कवटीला नोकरी कोण देणार. तेव्हा मी पुढे झालो. मी पाणीपुरवठा खात्याच्या आस्थापना विभागात आहे. माणसं नेमायची, बदलायची, वर चढवायची आणि वेळ झाली की घरी पाठवायची, हे माझं काम. ज्याला दोन स्क्रू फिरवता येत नाहीत अशा माणसाला मी नळदुरुस्तीवर लावून दाखवलंय. मी म्हणालो, "मास्तर नोकरीला लागतील. मी लावतो."

मेहुणा हसला. "भाऊजी, ते जर कुठं मास्तर म्हणून लागले ना, तर मी स्वतः पहिल्या बाकावर विद्यार्थी होऊन बसेन."

सासुरवाडीत जावयाची किंमत जावयाच्या तोंडावर ठरवली जाते, ती अशी. त्या क्षणापासून हा प्रश्न मास्तरांचा जेवढा, तेवढाच माझा झाला.

मास्तरांची सोय तूर्त दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात झाली, कपबशा आणि माझ्या बॅडमिंटनच्या एकुलत्या एक चषकाच्या मध्ये. चषकाकडे पूर्वीही कोणी बघत नव्हतं, आता बघणं शक्यच राहिलं नाही. दार उघडलं की आधी मास्तर दिसायचे. पहिल्याच दिवशी समोरच्या काकूंनी ते पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ सापडलं. लिफ्ट अडकते ती यामुळे, दूध नासतं ते यामुळे, आणि काकूंचा गुडघा तर मास्तर येण्याच्या आदल्या दिवसापासून दुखत होता, पण त्याला म्हणे आधीच चाहूल लागली होती. वरच्या मजल्यावर कोर्टातून निवृत्त झालेले बेलिफ राहतात. सोसायटीचे सेक्रेटरीही तेच. त्यांनी कपाटासमोर उभं राहून, हात मागे बांधून मास्तरांची बारकाईने पाहणी केली आणि विचारलं, "यांचे कागद कुठं आहेत?" कागद नसलेलं डोकं ताब्यात ठेवणं किती गंभीर आहे यावर त्यांनी मला बरंच सांगितलं. येत्या सर्वसाधारण सभेपर्यंत एकतर कागद येऊ देत, नाहीतर मास्तर जाऊ देत, असा तोडगाही काढला. सल्ला फुकट असला की तो लांबतो.

मला वाटलं होतं तेवढं हे काम सोपं दिसत नव्हतं, म्हणून मी वाचनालयात जाऊन विषयाचा अभ्यास केला. उमेदवाराची माहिती असलेली बरी. वाचून मी थक्क झालो. कवटीइतकी कर्तबगार वस्तू दुसरी नसेल. राजेलोक शत्रूच्या कवटीचा प्याला करून त्यातून पीत. एका मोठ्या शहराच्या पोटात भुयारं आहेत आणि तिथे कवट्या रचून भिंती केल्या आहेत. एका देशात साखरेच्या कवट्या करतात आणि मुलं त्या मिटक्या मारत खातात. समुद्रावरच्या दरोडेखोरांनी तिला निशाणावर घेतलं, औषधवाल्यांनी विषाच्या बाटलीवर आणि वीजमंडळाने खांबावर. मधल्या काळात काही विद्वान डोक्यावरचे उंचवटे चाचपून माणसाचा स्वभाव सांगत. (मी घरी येऊन स्वतःचे चाचपले. एक मोठा सापडला, पण तो कपाटाच्या दाराचा निघाला.) आणि जुन्या चित्रकारांचं तर कवटीवाचून पान हलत नसे. टेबलावर कवटी, शेजारी विझत आलेली मेणबत्ती, एखादं कोमेजणारं फूल आणि उघडं पुस्तक मांडायचं आणि बघणाऱ्याला सांगायचं, बाबा रे, तुझंही असंच होणार आहे. जिवंतपणी माणसाच्या डोक्याला कोणी विचारत नाही. मान मिळतो तो सगळा नंतर, हे मला खात्यात राहून माहीत होतंच, पण पुस्तकातून त्याला दुजोरा मिळाला.

मग मी वैद्यकीय महाविद्यालयाला अर्ज केला. इथे एक गोष्ट घडली ती सांगायला हवी. मला लिहायचं होतं देणगीचं पत्र. पण माझा हात आयुष्यभर एकाच प्रकारचा अर्ज लिहीत आणि तपासत आला. लेखणी कागदावर टेकली की ती आपोआप त्याच वाटेने जाते. 'विषय: श्री. मास्तर यांची अध्यापनाच्या कामी नेमणूक होणेबाबत. महोदय, श्री. मास्तर हे शरीरशास्त्र या विषयात प्रदीर्घ अनुभव असलेले, अत्यंत शांत स्वभावाचे, निर्व्यसनी गृहस्थ असून...' वाचून पाहिलं तेव्हा मला त्यात काहीच चुकीचं दिसलं नाही. बायकोलाही दिसलं नाही. ती म्हणाली, "त्यांच्या दातांबद्दलही लिहा." म्हणून मी 'सतत हसतमुख' असं घातलं.

उत्तर येईना, तेव्हा मी मास्तरांना घेऊन स्वतः गेलो. बस हलली की डब्यातला जबडा टकटक वाजे. शेजारी बसलेल्या बाईंनी आत काय आहे म्हणून विचारलं. मी म्हणालो, मास्तर. त्या पुढच्या स्टॉपला उतरल्या आणि मागची बस पकडण्यासाठी तिथेच उभ्या राहिल्या.

महाविद्यालयातल्या हेडक्लार्कनी माझा अर्ज फाइलमधून काढला. तो पार वरपर्यंत जाऊन शेरे घेऊन परत आला होता. कोणीही तो विषयाच्या ओळीपुढे वाचलेला नव्हता, हे मी एका नजरेत ओळखलं. हेडक्लार्कनी विचारलं, "मास्तर स्वतः आलेत का?"

"आलेत."

"त्यांना बाहेर बसवा. इथे गर्दी नको."

मी मास्तरांना बाहेरच्या बाकावर बसवून आलो. हेडक्लार्कनी मला तयार असलेलं उत्तर दिलं. 'श्री. मास्तर यांच्या अनुभवाचा हे महाविद्यालय आदर करते. तथापि सध्या पद रिक्त नसल्याने त्यांची सेवा घेता येत नाही. त्यांना अन्यत्र काम करण्यास आमची हरकत नाही.' खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. मी डबा आत आणून उघडला तेव्हा हेडक्लार्कची खुर्ची भिंतीला टेकली. मग त्यांनी सावरून सांगितलं की हल्ली मुलं प्लास्टिकवर शिकतात, आणि खरं हाड घ्यायचंच झालं तर आधी पोलिसांचं पत्र लागेल. दिलेलं उत्तर मात्र त्यांनी परत मागितलं नाही. जावक झालेला कागद परत घेणं किती अवघड असतं, ते त्यांना आणि मला, दोघांनाही ठाऊक होतं.

बेलिफांनाही पोलिसांचंच पत्र हवं होतं. तेव्हा पोलीस ठाणं टळत नव्हतं. मी डबा फौजदारांच्या टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि माझं म्हणणं मांडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "कोणाची?"

"सासऱ्यांची," मी म्हणालो.

फौजदारांनी पेन खाली ठेवलं आणि दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला दार लावायला सांगितलं. पुढची बरीचशी दुपार ही कवटी सासऱ्यांच्या मालकीची असून त्या मालकीचा त्यांच्या स्वतःच्या डोक्याशी संबंध नाही, हे पटवण्यात गेली. बायकोला यावं लागलं. तिने बाबांचा फोटो दाखवला, त्यात ते डोक्यासकट होते आणि शेजारी टेबलावर मास्तर होते. मग मला बसायला खुर्ची मिळाली. पण मास्तरांची डॉक्टरी तपासणी होईपर्यंत त्यांना सोडता येणार नव्हतं. त्यांच्या गळ्यात चिठ्ठी बांधायची होती, गळा नसल्याने ती जबड्याला बांधली गेली आणि त्यांना मुद्देमालाच्या खोलीत जप्तीच्या सायकलींमध्ये नेऊन ठेवलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "बाबांनी इतकी वर्षं त्यांना फुलासारखं जपलं. तुम्ही दोन महिन्यांत तुरुंगात घातलंत." एवढं सुनावून तिने माझ्याशी बोलणं बंद केलं. त्यातच मेहुण्याचा फोन आला. बातमी त्याच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे. त्याने विचारलं, मास्तरांना सरकारी नोकरी लागली असं ऐकतो, जागाही मिळाली म्हणे राहायला. मी फोन ठेवला. त्या दिवशी मी कपाटातली मधली रिकामी जागा पाहिली आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं. चषक एकटा पडला होता.

पण जग विचित्र आहे. दोनच दिवसांनी समोरच्या काकू आल्या, त्या मास्तर कधी सुटणार ते विचारायला. मास्तर आल्यापासून आमच्या मजल्यावर मिक्सर, विमा आणि पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्यांचं येणं बंद झालं होतं. जो येई तो आमच्या उघड्या दारातून आत बघून जिन्याने पळत खाली जाई. मास्तर आत गेल्यापासून पुन्हा रांग लागली होती. काकूंचं म्हणणं, गुडघ्याचं काय, तो कोणाचाही दुखतो. त्यांनी बेलिफांनाही चार शब्द सुनावले आणि सर्वसाधारण सभा पुढे ढकलली गेली.

तिकडे ठाण्यात याहून मोठी गोष्ट घडत होती. साक्षीदारांनी सांगितलेल्या वर्णनावरून संशयितांची चित्रं काढायचं काम तिथल्या एका हवालदाराकडे होतं. माणूस मन लावून काम करायचा, पण त्याचे सगळे चोर एकसारखे दिसत आणि सगळेच थोडेथोडे फौजदारांवर जात. एक चित्र बाहेर भिंतीवर लावलं तेव्हा लोक फौजदारांकडेच संशयाने बघू लागले होते. हा हवालदार जेवणाच्या सुट्टीत मुद्देमालाच्या खोलीत बसून मास्तरांची चित्रं काढू लागला. समोरून, बाजूने, वरून. गालाचं हाड कुठं वळतं, डोळ्याची खोबण केवढी असते, जबडा कानाखाली कुठे जाऊन अडकतो, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं. त्यानंतर त्याने एका सायकलचोराचं चित्र काढलं ते इतकं हुबेहूब, की चोराने स्वतःच ते पाहिलं आणि आता लपून उपयोग नाही म्हणून हजर झाला.

फौजदारांनी मला बोलावून घेतलं आणि चहा पाजला. पोलीस डॉक्टरांचा अहवाल आला होता. कवटी फार जुनी, शिकवण्यासाठी तयार केलेली, कारण कुठलाही खुनी कवटीला पितळेचे आकडे आणि स्प्रिंगा बसवत बसत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. शिवाय, 'हाडे मजबूत, दात शाबूत, इजेची अगर आजाराची खूण नाही.' ठाण्याच्या पत्राचा मसुदा मीच करून दिला. फौजदार सायकलचोरामुळे खुशीत होते आणि मसुदा करणं हा माझा हातखंडा. 'श्री. मास्तर यांच्याविरुद्ध या ठाण्यात कोणताही गुन्हा दाखल नाही. ठाण्यातील त्यांच्या मुक्कामात त्यांची वागणूक चांगली होती.' फौजदारांनी वाचून मान डोलावली आणि सही केली.

मास्तरांना घेऊन मी निघालो तेव्हा हवालदार दारापर्यंत आला. तो म्हणाला, "साहेब, यांना पुन्हा डब्यात घालू नका. मी संध्याकाळी शिकायला जातो त्या चित्रकला विद्यालयात आणा. तिथं यांची खरी गरज आहे."

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिने मास्तरांच्या जबड्याची चिठ्ठी सोडली, मऊ फडक्याने त्यांचं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "म्हणजे तिथेही शिकवतच होते." त्या दिवशी तिने माझ्याशी बोलणं पुन्हा सुरू केलं.

चित्रकला विद्यालयाच्या प्राचार्यांनी डब्यात पाहिलं आणि त्या उठून कपाटाकडे गेल्या. मग त्यांनी आम्हाला त्यांची कवटी दाखवली. ती प्लास्टरची होती, एका प्लास्टरच्या कवटीवरून केलेली, आणि तीही आणखी कुठल्या तरी प्लास्टरवरून. नक्कल होता होता नाक बुजलं होतं, दात एकमेकांत मिसळले होते आणि एकंदरीत तो भोपळाच झाला होता. त्या भोपळ्यावर विद्यालयाच्या कितीतरी वर्षांच्या तुकड्या माणसाचं तोंड काढायला शिकल्या होत्या. शहरातल्या दुकानांवर रंगवलेली माणसं अशी का दिसतात, ते मला त्या दिवशी कळलं. प्राचार्यांना मास्तर त्याच क्षणी हवे होते. पण विद्यालयाला एक कार्यालय होतं आणि त्या कार्यालयात एक अधीक्षक होते.

अधीक्षकांनी वस्तूंची नोंदवही उघडली. वस्तू आत घ्यायची तर तिची किंमत लावायची, दर वर्षी ती कमी करत न्यायची आणि किंमत शून्य झाली की वस्तू निकालात काढायची. निकालात काढलेली वस्तू कोणी पुन्हा वापरू नये म्हणून ती हातोडीने फोडायची, असा नियम होता.

"फोडायची?" बायकोने विचारलं आणि डब्याचं झाकण लावलं. ती मला म्हणाली, "चला. मास्तर काही झालं तरी भंगारात जाणार नाहीत. त्यापेक्षा आमच्या कपाटात बसतील, बाबांनी नको म्हटलेलं असलं तरी."

प्राचार्या अधीक्षकांना विनवू लागल्या. अधीक्षक वाईट माणूस नव्हते. नियम होता आणि तो त्यांच्यासमोर उघडा होता, एवढंच. मी डबा उचलला, दारापर्यंत गेलो, आणि तिथे माझ्या आयुष्यातली सगळी नोकरी एकदम माझ्या मदतीला धावून आली. मी वळलो. डबा पुन्हा टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "साहेब, तुम्ही चुकीची नोंदवही उघडली आहे. ही वस्तू नाही. हे मास्तर आहेत. आस्थापनेची नोंदवही काढा."

अधीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी आस्थापनेचा माणूस आहे हे त्यांनी ओळखलं आणि तेही आहेत हे मी ओळखलं. दोन पहिलवान समोरासमोर आले की आधी हात मिळवतात, तसं काहीसं झालं. त्यांनी बाही सारखी केली आणि सुरुवात केली.

अनुभवाचा दाखला? मी वैद्यकीय महाविद्यालयाचं पत्र पुढे केलं. अनुभवाचा आदर, अन्यत्र काम करण्यास हरकत नाही, सही, शिक्का, जावक क्रमांक. त्यांनी ते उजेडाकडे धरून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. पोलीस पडताळणी? मी ठाण्याचं पत्र दिलं. वागणूक चांगली, हे वाचून त्यांनी किंचित भुवई उचलली. प्रकृतीचा दाखला? पोलीस डॉक्टरांचा अहवाल. हाडे मजबूत, दात शाबूत, आजार नाही. इतका स्वच्छ प्रकृतीचा दाखला माझ्या नोकरीत कोणत्याही जिवंत माणसाने आणला नाही, असं मी म्हणालो, आणि त्यांच्याही कोणी आणला नव्हता, हे त्यांनी कबूल केलं. जे जे कागद मला वाटेत अडवायला म्हणून जन्मले होते, ते सगळे आता ओळीने माझ्या बाजूला उभे होते.

अधीक्षकांनी शेवटचा डाव टाकला. "वय?"

"मानद नेमणुकीला वयाची अट नसते," मी म्हणालो. "मानधनही नसतं. आणि मानद अध्यापक नेमायचा अधिकार प्राचार्यांना स्वतःचा असतो."

त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, पान उलटलं, पुन्हा उलटलं. मग पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आमच्याकडे निवृत्तीही मानद अध्यापकांना लागू नाही." हे त्यांनी आपणहून सांगितलं. तो माझा विजय होता, पण त्यांचा मोठेपणा होता, हे मी मानतो. प्राचार्यांनी 'माझ्यासमक्ष हजर झाले' असं लिहून सही केली. बायको रडत होती आणि हसत होती. मला माझं बॅडमिंटनचं जिंकणंही एवढं भव्य आठवत नाही.

पहिल्या तासाला आम्ही सगळे गेलो. समोरच्या काकू आल्या. आपल्या मजल्याचं नुकसान होत असलं तरी मोठ्या मनाने आल्या. बेलिफ आले आणि त्यांनी आल्या आल्या कागद पाहायला मागितले. पाहून झाल्यावर परत देईनात, म्हणे इतके पक्के कागद हल्ली बघायला मिळत नाहीत. हवालदार मागच्या ओळीत गणवेश बदलून बसला होता. आणि पहिल्या बाकावर, मांडीवर फळी आणि हातात पेन्सिल घेऊन मेहुणा होता. मी त्याला शब्दाची आठवण करून द्यायला फोन केला तेव्हा त्याने पाच मिनिटांसाठी येतो म्हणून सांगितलं होतं.

उंच स्टुलावर काळं कापड अंथरलेलं. त्यावर मास्तर, शेजारी मेणबत्ती, एक उघडं जुनं पुस्तक आणि मान टाकलेलं गुलाबाचं फूल. प्राचार्यांनी खिडकीचा पडदा सरकवला आणि बाजूने उजेड आला. मास्तरांच्या कपाळावर तो उजेड असा काही पसरला की काकूंनीही पिशवीत हात घालायचं थांबवलं. मग नुसता पेन्सिलींचा आवाज. मास्तर हलले नाहीत, शिंकले नाहीत, किती वाजले ते त्यांनी विचारलं नाही. आधीचा जिवंत मॉडेल दर थोड्या वेळाने चहाला जात असे, असं प्राचार्या माझ्या कानात म्हणाल्या.

पाच मिनिटं होऊन गेली. मेहुणा उठला नाही. तो खोडत होता, पुन्हा काढत होता, जीभ दातांत धरून मान वाकडी करून बघत होता. प्राचार्यांनी त्याला दोनदा सांगितलं, जबडा कुठं अडकतो ते आधी बघा, मग काढा. तास संपल्याची घंटा झाली तरी तो बसून होता. त्याचं चित्र मी पाहिलं. भोपळाच होता, पण दात मोजून काढलेले होते. बायको त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. त्याने वर न बघता सांगितलं, "ताई, बाबांच्या टेबलावर हे आयुष्यभर होते. मी यांच्याकडे कधी नीट बघितलंच नाही गं." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी खिडकीबाहेर बघू लागलो. मेहुण्याला लगावायला मी घरून तीन वाक्यं तयार करून आणली होती, त्यातलं एकही मला वापरता आलं नाही.

वर्ग पांगत होता तेवढ्यात अधीक्षक हजेरीपट घेऊन आले. आस्थापनेवर आहेत म्हटल्यावर मास्तरांची हजेरी लागायलाच हवी होती. नाव यादीत सर्वांत खाली लिहिलं होतं, पुढचा चौकोन रिकामा होता आणि त्यात सही कोणी करायची, हा प्रश्न आम्हां दोन्ही आस्थापनावाल्यांच्या लक्षातून राहून गेला होता. अधीक्षक माझ्याकडे बघू लागले आणि मी त्यांच्याकडे. बायकोने त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या चौकोनात, लहानपणी पाढे लिहायची तसल्या स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'शिकवत आहेत.'

असा शेरा हजेरीपटावर चालत नाही. अधीक्षकांनी तो वाचला, मीही वाचला, आणि त्यांनी खाली आपली सही केली.